गावातून धावायचं नाही

गडचिरोलीला चाललेय म्हटल्यावर साताऱ्यात जो तो एकच विचारायचा, "काय गुन्हा केलास? बदली कशानं झाली?" आमच्याकडे गडचिरोली म्हणजे साहेबाशी भांडलेल्या माणसाला धाडायची जागा. तो जिल्हा होऊनही काही वर्षंच झाली होती, आणि नकाशात बोट ठेव म्हटलं तर आमच्या शिक्षकखोलीतल्या निम्म्या लोकांचं बोट ओरिसात गेलं असतं. मी मात्र दिवाळीच्या सुट्टीत, आपण होऊन, पदरचं तिकीट काढून निघाले होते. कशाला, तर धावायला. हे ऐकल्यावर लोक पुढचं काही विचारत नसत.

मी शाळेत पीटी शिकवते आणि लांब पल्ल्याचं धावते. त्या डिसेंबरात निवड चाचणी होती. पहिल्या तिघींना मोठ्या शिबिरात घेणार होते. मला सव्विसावं संपत आलं होतं आणि घरात बोलणं झालेलं होतं: यंदा निवड झाली तर ठीक, नाहीतर बूट माळ्यावर आणि पोरगी बोहल्यावर. बाबा हे हसत म्हणाले, पण बाबा हसत म्हणतात ते पाळतात. दादा, माझा थोरला भाऊ, गडचिरोलीच्या पुढे पन्नास किलोमीटरवर चिचटोल्याच्या प्राथमिक शाळेत मास्तर. त्यानं लिहिलं, "इथले रस्ते सपाट आहेत, दिवसाला दोन गाड्या जातात, हवा स्वच्छ आहे. ये आणि पोटभर धाव."

आता जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगते. माझा डावा पाय दुखत होता. घोट्याच्या वर चार बोटं, नडगीच्या हाडावर, अंगठ्याएवढ्या जागेत. ऑगस्टपासून. सकाळी धावायला निघाले की पहिली दहा मिनिटं कळ यायची, मग अंग तापलं की दबायची, आणि संध्याकाळी जिना उतरताना परत यायची. आमचे कोच सर म्हणत, दुखणं आळशी माणसाला होतं. म्हणून सरांना नाही सांगितलं. आईला सांगितलं असतं तर बाबांना कळलं असतं. अंथरुणावर पडल्यावर मी त्या जागी अंगठा दाबून बघायची, आज कमी आहे का? कधी कमी वाटायचं. मग खात्री करायला आणखी जोरात दाबायची आणि रात्र वाया घालवायची.

चांदा ते चिचटोला

चंद्रपूरला उतरले. तिथं सगळे चांदाच म्हणतात. पुढे मूल गावावरून एसटी, वैनगंगा ओलांडून गडचिरोली, आणि तिथून दुसरी एसटी, जिच्यात माणसांबरोबर एक बकरी आणि नाटकाच्या पडद्यांची दोन गुंडाळी होती. दिवाळीनंतर इकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटकं होतात. शेजारची बाई मला पात्रच समजली होती. "कोणचं काम करता जी?" तिनं विचारलं. धावते म्हणाले, तर तिनं पिशवीतली पोपटीची, म्हणजे वालाची, भाजलेली शेंग माझ्या हातात ठेवली. आजारी माणसाला द्यावी तशी.

गडचिरोलीनंतर झाडी सुरू झाली ती थांबेना. आमच्याकडे झाड दिसलं की त्याचं नाव सांगता येतं आणि बहुधा मालकाचंही. इथं सागवान, ऐन, मोह एकमेकांना खेटून उभे, आणि मधेच एकदम मोकळं होऊन पिवळं पडलेलं धान. कापणी लागली होती. मी खिडकीतून रस्ता बघत होते. सपाट होता. दादा खरं बोलला होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण मनात एकच: या सपाट रस्त्यावर पायाला सबब सांगायला चढसुद्धा नाही.

दादा एकटाच राहतो. पहिल्या रात्री शेजारच्या घरून डाळ आली. भात होताच. इकडे सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. ज्वारीची भाकरी मागितली तर लोक पाहुण्याचं पोट बिघडलं समजतात. डाळ छान होती. मी दुसरी वाटी घेतल्यावर दादा म्हणाला, "लाखोळीची आहे. फार खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणतात." आणि स्वतः शांतपणे ओरपत राहिला. मी वाटी खाली ठेवली. त्या रात्री अंगठा दाबून झाल्यावर मी दोन्ही पायांची बोटंही हलवून बघितली.

पहिली सकाळ

पहाटे साडेपाचला बूट घालून निघाले. धुकं होतं. गावाच्या मधून एकच रस्ता, दोन्ही बाजूंना कुडाची घरं, शेणानं सारवलेली अंगणं. पहिली दहा मिनिटं पायाची नेहमीची कुरकुर असते म्हणून मी दात आवळून, जरा जोरातच सुटले. विहिरीवर दोन बाया होत्या. एकीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या हातची बादली सुटून विहिरीत गेली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मी पुढे गेले. मागून काहीतरी ओरडणं ऐकू आलं. मग पावलं. मान वळवली तर तीन माणसं काठ्या घेऊन मागं. मग सहा. मग एक कुऱ्हाड. मी साताऱ्याची असले तरी एकटी बाई, अंधार, अनोळखी गाव. मी वेग वाढवला. मी वेग वाढवला तशी मागची माणसं वाढली. गावाबाहेरच्या रपट्यापर्यंत, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलापर्यंत, मी आयुष्यात धावले नव्हते अशी धावले आणि मागं बघितलं तर निम्मं गाव, धोतरं खोचून, एक म्हातारी सुद्धा, आणि सगळ्यात मागं बनियनवर दादा.

मी थांबले. सगळे धापा टाकत माझ्याभोवती.

"कोणाले चावलं?" एकानं विचारलं.

"काय?"

"कुठी हाये? वाघ हाये का साप?"

दादा पोचला आणि त्यानं कसंबसं समजावलं, की ही माझी बहीण, ही रोजच धावते, कोणाला काही झालेलं नाही. कुऱ्हाडवाल्यानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि तिच्या दांड्यावर बसला. पांडूभाऊ म्हणून एक वयस्क गृहस्थ होते, गावात त्यांचा शब्द चालतो. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, इथी उगाच कोणी धावत नाई. पोट्ट्यालेबी आमी गावातून धावू देत नाई. कोणाले साप डसला, कोणाले वाघानं नेलं, तवाच माणूस धावते. तू धावली, मंग माह्या सुनेनं चूल टाकली, लेकरू टाकलं. तुह्यानं धावल्याशिवाय होतच नसन तं गावातून चालत जाजो. जंगलात धावजो."

मी माफी मागितली. गावकऱ्यांनी ती मोठ्या मनानं दिली आणि पुढचे चार दिवस मला पाहिलं की बाया तोंडाला पदर लावून हसत. पण त्या धावण्यानं झालं काय, की संध्याकाळी मला डाव्या पायावर नीट उभं राहवेना. दादानं विचारलं, "लंगडतेयस का?" मी म्हटलं, "नवीन बूट आहेत." बूट एक वर्षाचे होते.

मेश्रामबाईंची सायकल

जंगलात धाव म्हणणं सोपं. तिसऱ्या दिवशी तिथं मला रस्त्यात अस्वलाची विष्ठा दिसली, तिच्यात बोरांच्या बिया, अजून ओली. मी तशीच मागं फिरले. परतीच्या वाटेवर नर्सबाई भेटली. मेश्रामबाई, वय चाळीसच्या आसपास, पांढरी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, सायकलवर. उपकेंद्र चिचटोल्यात आणि तिच्याकडे सहा गावं. आठवड्यात चार दिवस ती सायकलवर असते. तिचे वडील छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि घरात पाय ठेवताच म्हणाले, पोरगी शिकन. म्हणून ती शिकली. तिच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी सायकलचा पंप खुंटीला टांगलेला असतो.

"अस्वलाले भेव नाई वाटत एकट्या माणसाचं," ती म्हणाली. "सराव कराचा हाये ना? मास्तराची सायकल घे अन् माह्यासंगं चाल."

मला ते देवानं पाठवल्यासारखं वाटलं. सायकलवर नडगीला मार बसत नाही, दम मात्र राहतो. पाय बरा होईल, दमही टिकेल आणि कोणाला काही सांगावंही लागणार नाही. मी मनातल्या मनात चाचणीचे दिवस मोजले. चौतीस.

पहिल्या दिवशी अठ्ठावीस किलोमीटर. मी राज्य पातळीवर धावलेली, आणि ही साडीतली बाई. मी पुढे जायची, थांबायची, ती आपली मागून येतेय, एकाच चालीत. आतल्या वाटांवर चढ आला की उतरून चालायची. मी चढावर उभी राहून पायडल मारायची. प्रत्येक गावात ती कोणाच्या तरी ओट्यावर मीठ घातलेली भाताची पेज प्यायची. दुपारी काम संपलं की अर्धा तास आडवी, पाय खांबाला टेकवून वर. "रगत खाली आलं पायजे," एवढंच तिचं शास्त्र. दुसऱ्या दिवशी सायकलला हात नाही. दिवसभर उपकेंद्रात बसून रजिस्टर भरायचं. मी विचारलं, "रोज का नाही जात?" ती म्हणाली, "रोज गेली तं महिनाभर जाईन. मले वीस वर्षं जाचं हाये." आमच्या सरांच्या तक्त्यात विश्रांतीचा रकाना नव्हताच. त्या पहिल्याच दिवशी परतताना शेवटच्या पाच किलोमीटरला मी तिच्या मागं पडले होते.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गावात शिरताना ती अगदी हळू व्हायची. माणूस चालेल तेवढ्या वेगानं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लोकं माह्या सायकलीकडे पाह्यतात. जोरानं गेली का समजतात, कोणाच्या तरी घरी गडबड हाये. मंग बाया जमा होतात, पोटुशी बाई असन तं ते भेवून जाते. मले कितीबी घाई राह्यली तरी गावात हळूच."

तिला सगळं दिसत होतं. तिसऱ्या फेरीला मी उतरले तेव्हा म्हणाली, "डावा पाय खाली ठेवत नाई तू. उजव्यावर उतरते."

"सवय आहे."

"पाहू दे."

"काही नाही हो, काल जरा मुरगळलाय."

तिनं विचारलं, "एका जागी दुखते का सारीकडे?"

"सगळीकडे," मी म्हटलं. एका जागी दुखणं वाईट असतं हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं. "हाड असन तं गडचिरोलीले फोटो काढाव लागन," ती म्हणाली आणि सायकल रेटत गेली. फोटो म्हणजे एक्स-रे. फोटो काढला नाही तोवर ते मुरगळणंच होतं.

वरच्या टोल्याची वाट

भाऊबीजेनंतरचा चौथा दिवस. सकाळचे नऊ वाजलेले. मी आणि दादा उपकेंद्राच्या ओट्यावर मेश्रामबाईबरोबर चहा घेत होतो. समोरून एक माणूस चालत आला. अगदी सावकाश. ओट्यापाशी आल्यावर मला दिसलं, त्याची बंडी पिळून काढावी इतकी घामानं भिजली होती आणि पोटऱ्या काट्यांनी ओरबाडलेल्या होत्या. सबंध जंगल तो धावत आला होता आणि गावाच्या वेशीपासून चालत.

"बाई," तो म्हणाला, "जैनीले कालपासून कळा हायेत. सुईण म्हणते, पोरगं सरकत नाई."

त्याचं नाव लालसू. वरचा टोला म्हणजे जंगलातली वस्ती, चौदा किलोमीटर, मधे तीन नाले, जीप जात नाही. मेश्रामबाईनं आत जाऊन सामान काढलं. प्रसूतीची पेटी, उकळलेल्या कापडांची पुरचुंडी, सलाईनच्या दोन काचेच्या बाटल्या. एका सायकलवर ते मावेना. दादा येऊन उपयोग नव्हता, प्रसूतीला पुरुष चालत नाही. लालसू पाऊलवाटेनं पुढे निघाला.

ती माझ्याकडे वळली. "बाटल्या अन् पुरचुंडी घेशीन? पाय कसा हाये? खरं सांग."

दादा शेजारी उभा होता. नुसतं 'दुखतो' म्हटलं असतं तर दादानं पाय बघितला असता, संध्याकाळी बाबांना पत्र गेलं असतं, आणि चाचणी तिथंच संपली असती. हा सगळा हिशेब मी अर्ध्या क्षणात केला. जैनी त्यात कुठंच नव्हती. हे मी आज लिहितेय कारण ते तसंच झालं.

"ठीक आहे पाय," मी म्हटलं.

गावातून आम्ही चालीच्या वेगानं गेलो. वाटेत पांडूभाऊ भेटले तर ती चक्क थांबली आणि विचारलं, "धान कापून झाला का जी?" शेवटचं शेत मागं पडलं, झाडी आली, आणि मेश्रामबाई सीटवरून उठली. एरवी एकाच चालीत चालणारी ती सायकल अशी सुटली की मला साताऱ्याची सगळी ताकद लावावी लागली. पहिला नाला कोरडा. दुसऱ्यात घोटाभर पाणी. मी तिच्या चाकाला चाक लावून होते आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. वाटलं, पाय बरा झालाय. उगीच घाबरत होते.

तिसऱ्या नाल्यात गुडघ्याच्या वर पाणी, खाली शेवाळलेले धोंडे. मेश्रामबाई पेटी डोक्यावर घेऊन, सायकल ढकलत पार झाली. मी बाटल्यांची पिशवी गळ्यात अडकवली, सायकल खांद्यावर घेतली आणि चालू लागले. अर्ध्यात एका धोंड्यावर डावा पाय ठेवून वर चढायला गेले. कट् असा आवाज आला. बारीकच. मला आधी तो ऐकू आला आणि मग कळला.

पडताना मी पिशवी वर धरायचा प्रयत्न केला. एक बाटली वाचली. दुसरी धोंड्यावर फुटली.

मेश्रामबाई पाण्यात परत आली आणि बगलेत हात घालून मला ओढत तीरावर घेऊन गेली. तिनं नडगीवर एक बोट ठेवलं, नेमकं त्याच जागी, आणि मी किंचाळले. तिनं बांबूच्या दोन कामट्या तोडल्या, माझी ओढणी फाडली, पाय बांधला. तिचे हात भरभर चालले होते, पण मला प्रत्येक गाठ मोजता येत होती, कारण मी घड्याळाकडे बघत होते. वीस मिनिटं गेली. मधे ती दोनदा रस्त्याकडे बघून घेत होती.

"मी जाते," ती म्हणाली. "तुले नेता येत नाई. इथंच बस, पाठ झाडाले. आवाज करत राह्यजो. अस्वल आवाज ऐकून दूर जाते. पाढे म्हण, कायबी म्हण. मी टोल्यावरून बंडी पाठवते." बंडी म्हणजे बैलगाडी. पुरचुंडी आणि उरलेली बाटली घेऊन ती गेली. जाताना तिनं मला एकदाही खोटारडी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सव्वादहा ते पावणेतीन मी त्या ऐनाखाली बसले होते. बेचे पाढे, मग तेराचे, मग एकोणतीसचे. एकोणतीस सक्काला चुकले की पहिल्यापासून. पाचोळा वाजला की आवाज वाढवायचा. एकदा समोरच्या झुडपात काहीतरी मोठं, जड, सावकाश चालत गेलं. झुडपाची शेंडी हलताना दिसली. मी पाढे ओरडून म्हणत होते आणि रडत होते. अस्वलाची भीती होतीच, नाही म्हणत नाही. पण ते गेल्यावर जी भीती उरली ती जैनीची होती. मी तिला पाहिलंही नव्हतं. वीस मिनिटं आणि एक बाटली, हे दोनच शब्द पाढ्यांच्या मधून मधून येत होते.

बंडी आली. हाकणारा लालसूचा भाऊ. त्यानं मला उचलून गवतावर ठेवलं. मी विचारायच्या आधी त्यानंच सांगितलं.

"पोरगी झाली. बाई पोचाच्या आंधीच झाली. पण जैनीचं रगत खूप गेलं. नर्सबाई तिथीच बसून हाये. बाटली लावली. दुसरी पायजे होती म्हणे."

"वाचेल ना?"

"बाई म्हणे, पाहू."

बंडीचा प्रत्येक खड्डा माझ्या नडगीत शिरत होता. मी कण्हले नाही. मला तो हक्क वाटला नाही.

गडचिरोली

मेश्रामबाई दुसऱ्या दिवशी सकाळी उतरून आली. आम्ही एसटीची वाट बघत होतो, मी दादाच्या खांद्यावर. ती सायकल हळू चालवत आली आणि मी तिच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते शोधत राहिले. जवळ आल्यावर म्हणाली, "हाये. जगते." मग दादाला म्हणाली, "मास्तर, फोटोच काढजा." आणि झोपायला गेली.

इस्पितळात फोटो निघाला. डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली आणि दादाला दाखवलं. "ही नवी मोड. आणि ही कडेला जाड रेघ दिसते ना, ती जुनी चीर. निदान दोन महिन्यांची. हाड स्वतः भरून काढत होतं. या रोज सकाळी उठून ते परत उकरत होत्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तेव्हा सहा आठवडे थांबला असता तर डिसेंबरात पळालाही असता."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस कोणाला सांगितलं नाही. सगळी लपवाछपवी ज्या चाचणीसाठी, ती मला नुसतं बसून मिळाली असती.

गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून आम्ही परतलो. दादा एसटीत खिडकीबाहेर बघत होता. तसाच बाहेर बघत म्हणाला, "दोन महिने. आणि मला म्हणालीस बूट नवीन आहेत." शाळेत रजेचा अर्ज गेला, घरी पत्र गेलं. बाबांचं उत्तर आलं ते दोन ओळींचं: पायाची काळजी घे, बाकीचं आल्यावर बघू. ओरडायचं सोडून त्यांनी काळजी घे लिहिलं होतं, म्हणून मी जास्तच घाबरले.

लसीकरणाचा दिवस

सहा आठवडे मी चिचटोल्यात काढले. धान घरात आलं. मंडईचं नाटक मी खाटेवर बसून पाहिलं, पांडूभाऊंनी खाट उचलून नेववली. बाया अंबाडीची भाजी, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, वड्या, कधी मासोळी आणून द्यायच्या. लाखोळीची डाळही खाल्ली. मेश्रामबाई एक दिवसाआड येऊन पायाची बोटं हलवायला लावायची आणि मांडीचे व्यायाम करून घ्यायची. त्या दिवसाबद्दल ती एकदाही बोलली नाही. मी दोनदा माफी मागायला सुरुवात केली, दोन्ही वेळा तिनं "बोटं हालव" म्हणून मला थांबवलं.

ज्या आठवड्यात तिकडे चाचणी होती त्याच आठवड्यात उपकेंद्रात लसीकरण होतं. मी ओट्यावर रजिस्टरात नावं लिहायला बसले होते. बंड्या भरून बाया आल्या. त्यांच्यातली एक, बारीक, काळीसावळी, लेकरू पदरात बांधलेलं, सुई टोचून झाल्यावर निघाली नाही. येऊन माझ्या शेजारी टेकली. लेकरू रडून रडून झोपलं होतं. तिनं माझ्या प्लास्टरकडे पाहिलं.

"तूच का, नाल्यात पडली थे?"

मी पेन खाली ठेवलं. "हो. तू जैनी?"

"हाव." ती लेकराच्या डोक्यावरची माशी हाकत राहिली. "बाई तुह्याजवळ थांबली होती म्हणे."

"हो."

"मी तिकडे वाट पाहून राह्यली होती. मले वाटे, आता येते, आता येते. सुईण म्हणे, सायकल वाजली. पण नाई वाजली."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त त्या दिवशी तिच्याकडे काय झालं ते सांगत होती. मला मात्र ओट्यावर बसवेना आणि उठताही येत नव्हतं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "पाय आधीपासूनच मोडलेला होता. मला माहीत होतं. मी खोटं बोलले."

तिनं ते ऐकून घेतलं. तिला नवल वाटलं की नाही, कळलं नाही. मग तिनं हात पुढे करून माझ्या प्लास्टरवर, बरोबर नडगीवर, बोटांनी टकटक केलं.

"आता दुखते का?"

तोंडात 'नाही' तयारच होतं. चार महिन्यांत ते आपोआप यायला लागलं होतं. मी ते गिळलं.

"दुखतं," मी म्हटलं. "खूप दुखतं."

"मंग तसं सांगाचं ना वं," जैनी म्हणाली.